तार टोचतेय? आधी दुसरी बाजू बघा

डॉक्टर मॅडम,

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, आठवीत. चार महिन्यांपूर्वी तिच्या दातांना क्लिप लावली. आमचं गाव नाशिक जिल्ह्यात, तालुक्याचं. इथल्या दवाखान्यात ऑर्थोडॉन्टिस्ट महिन्यातून एकदाच नाशिकहून येतात. पुढची तारीख अजून अकरा दिवस लांब आहे. गेला आठवडाभर ती एकाच बाजूने जेवत होती. विचारलं की "काही नाही" म्हणायची. काल जेवता जेवता रडायलाच लागली. मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं तर वरच्या डाव्या दाढेच्या मागून तार बाहेर आलीय आणि गालाला आतून पांढरी जखम झालीय. उजवीकडे मात्र तार कुठे संपते तेच कळत नाही. तिचे बाबा म्हणतात, हिनेच चिक्की-बिक्की खाऊन क्लिप मोडली. ते पक्कड घेऊन टोक कापायला निघाले होते, मी अडवलं. सासूबाईंचं म्हणणं, लवंगेचं तेल लावा आणि लोखंड लागलंय तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. पोरगी रडतेय की आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार. त्यात येत्या शनिवारी शाळेचा कबड्डीचा सामना, आणि ती संघात आहे. काय करू?

– एक आई

नमस्कार,

पक्कड अडवलीत, हे फार बरं केलंत. तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे येते, पण आधी आज रात्रीचं काम: टोचणारं टोक झाकायचं. तार टोचणं ही जिवावरची गोष्ट नाही. तरी पोरीला नीट खाता येत नाही, बोलता येत नाही, झोपेत कूस बदलली की गाल त्याच टोकावर दाबला जातो. अकरा दिवस तिने हे सोसायचं काहीच कारण नाही.

क्लिप बसवली त्या दिवशी डॉक्टरांनी एक छोटी प्लॅस्टिकची डबी दिली असेल, आत मेणाच्या बारीक कांड्या असतात. बहुतेक घरांत ही डबी न उघडताच कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडून असते. शोधा. नसेल तर गावातल्या दवाखान्यात मिळेल, किंवा मेडिकलमध्ये 'ऑर्थो वॅक्स' म्हणून मागा. देवघरातली मेणबत्ती वितळवून लावायच्या भानगडीत मात्र पडू नका, त्याने तोंड भाजेल.

मेण टिकत नाही अशी तक्रार सगळेच करतात. त्याचं कारण एकच, लावताना जागा ओली असते. हात साबणाने धुवा. मुलीला खिडकीजवळ खुर्चीवर ताठ बसवा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने गाल हलकेच बाहेर ओढून धरा. तारेचं टोक आणि त्याच्या आजूबाजूची दाढ कापसाने किंवा स्वच्छ गॉजने टिपून कोरडी करा. दाढेशेजारी गालातच लाळेच्या ग्रंथीचं तोंड असतं, त्यामुळे ही जागा लगेच पुन्हा ओली होते. म्हणून मेण आधीच तयार ठेवायचं: मटारच्या दाण्याएवढा तुकडा तोडून दोन बोटांत चांगला मळून मऊ करायचा, गोळी करायची. जागा टिपली की लगेच गोळी टोकावर बसवून अंगठ्याने दाबायची, म्हणजे मेण तारेच्या खाली-वर शिरून पकड घेतं. नुसतं वर चिकटवलेलं मेण पहिल्या घोटाबरोबर निघून येतं. जेवायच्या आणि दात घासायच्या आधी काढायचं, नंतर नवीन लावायचं. तेच मेण पुन्हा वापरू नका. झोपताना लावलेलं मेण चुकून गिळलं गेलं तरी घाबरू नका, एवढंसं मेण पोटातून तसंच बाहेर पडतं.

उद्यापर्यंत मेण मिळणारच नसेल तर गॉजची छोटी घडी टोक आणि गाल यांच्यामध्ये ठेवता येईल, पण ती जागेपणीच. झोपेत तोंडात कापूस किंवा गॉज ठेवायचा नाही, तो घशात जाऊ शकतो.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर माझी नजर थांबली त्याकडे येते. "उजवीकडे तार कुठे संपते तेच कळत नाही," असं तुम्ही सहज लिहून गेला आहात. सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे.

क्लिपची रचना अशी असते: प्रत्येक दातावर एक ब्रॅकेट, म्हणजे खाच असलेला छोटा तुकडा, चिकटवलेला, आणि दोन्ही बाजूंच्या शेवटच्या दाढांवर ब्रॅकेटऐवजी एक बारीक नळी. डॉक्टर तिला ट्यूब म्हणतात. एकच अखंड तार डाव्या नळीतून निघते, सगळ्या ब्रॅकेटांच्या खाचांतून जाते आणि उजव्या नळीत शिरते. दोन्हीकडे नळीच्या मागून तिचं टोक अगदी किंचित बाहेर असतं. सुरुवातीच्या महिन्यांत ही तार बारीक आणि गोल असते, साधारण ०.०१४ किंवा ०.०१६ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीची. ती खाचांमध्ये घट्ट बसत नाही, सरकते. घास चावताना रोज थोडी थोडी एका बाजूला जाते. सलवारीची नाडी एकीकडून ओढली गेली की दुसरीकडचं टोक नेफ्यात गडप होतं ना, तसंच. डावीकडे जेवढी बाहेर आली तेवढीच ती उजवीकडे आत गेली असणार. मोडलेलं काहीच नसेल, तार फक्त सरकली असेल.

हे पडताळून बघणं सोपं आहे. तोच टॉर्च, तोच चमचा, पण आता उजवी बाजू. उजव्या शेवटच्या दाढेवरची नळी शोधा. तिच्या मागच्या तोंडातून तारेचं टोक डोकावतंय का? डोकावत असेल तर तार सरकलेली नाही, डावीकडे फक्त लांबी वाढलीय. ती का वाढते, ते पुढे सांगते. टोक दिसत नसेल, किंवा नळी रिकामी आणि तार तिच्या अलीकडेच संपलेली असेल, तर तार सरकलीय हे नक्की. मग डावीकडचं टोक कापायचं नाही, म्हणजे नाहीच. कापलं की तार कायमची आखूड झाली. डॉक्टरांना ती ढकलून पुन्हा मध्यावर आणायची असते आणि त्यासाठी डावीकडचा तोच वाढीव तुकडा लागतो. न कापलेली तार जागेवर आणून टोकं वळवणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. कापलेली असेल तर तार ब्रॅकेटांत धरून ठेवणारी सगळी रबरं काढा, नवीन तार घाला, पुन्हा रबरं बसवा, आणि नवीन तारेचं दोन-तीन दिवसांचं दुखणं पोरीला पुन्हा.

टोक तुम्हीच ढकलून बघू का, असं मनात येईल. उजवं टोक नळीच्या आत असेल तर कापसाच्या काडीने डावं टोक हलक्या हाताने पुढे दाबून बघायला हरकत नाही, कधी कधी सरकतं. उजवी नळी रिकामी असेल तर ढकलू नका. टोक त्या सुईएवढ्या भोकात परत जाणार नाही, ते नळीच्या बाहेरून येऊन उजवा गाल टोचेल. एका जखमेच्या दोन होतील.

तार वाकवून दाढेला चिकटवावी म्हटलं तर तेही जमायचं नाही. चार महिन्यांच्या क्लिपमध्ये बहुधा निकेल-टायटॅनियमची तार असते. १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी हा मिश्रधातू तयार केला. कितीही वाकवला तरी मूळ आकारात परत येणं हा त्याचा गुण. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रियासन यांनी त्याची तार दातांसाठी वापरायला सुरुवात केली. वेड्यावाकड्या दातांमधून ओवलेली ही तार सतत सरळ व्हायला बघते आणि त्या हलक्या ओढीने दात ओळीत येतात. बोटाने वाकवलेलं टोक सोडलं की झटकन पुन्हा ताठ उभं राहतं, ते याच गुणामुळे. डॉक्टर टोक वळवतात तेव्हा बरेचदा तेवढ्याच भागाला आधी ज्योतीवर तापवून त्याचा ताठरपणा घालवलेला असतो. घरी ते करायचं नाही.

आणि आता तिच्या बाबांसाठी, कृपया हा भाग त्यांना वाचून दाखवा. दात वाकडेतिकडे असतात तेव्हा तार त्यांच्यातून नागमोडी जाते. दात ओळीत आले की तीच तार सरळ होते, आणि नागमोडी वाटेत जी लांबी खर्च झाली होती ती मोकळी होऊन दाढेच्या मागून बाहेर पडते. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मागून तार टोचायला लागणं हे पुष्कळदा दात हलल्याचं, उपचार लागू पडल्याचं लक्षण असतं. चिक्कीने ब्रॅकेट निघतात हे खरं. तसं झालंय का ते बघायला प्रत्येक ब्रॅकेट बोटाने अगदी हलकेच हलवून बघा. सगळे पक्के असतील तर या मुलीने काहीही मोडलेलं नाही. आणि समजा एखादा निघालेला सापडला, तरी आरडाओरडा नको. आठवडाभर ती "काही नाही" म्हणत राहिली, कारण तार दाखवली की आधी चिक्कीचा हिशेब द्यावा लागणार हे तिला ठाऊक होतं. माझ्या खुर्चीत बसलेली कितीतरी मुलं आईकडे बघून मग उत्तर देतात. गालातली जखम दडवतात, निघालेला ब्रॅकेट जिभेने जागेवर धरून ठेवतात. टोचणाऱ्या तारेपेक्षा या लपवालपवीची मला जास्त काळजी वाटते. उपचार अजून दीड-एक वर्ष चालणार आहेत. एवढ्या काळात काही ना काही निघणार, टोचणार, तुटणार. त्या प्रत्येक वेळी ती पहिल्याच दिवशी तुमच्याकडे आली पाहिजे. आज बाबांनी तिला नुसतं "दाखव बघू, कुठे दुखतंय" एवढं म्हटलं तरी पुढचं पुष्कळ सोपं होईल.

"सगळं पहिल्यापासून" होणार नाही हेही तिला सांगा. तार आठ-पंधरा दिवस एका दाढेतून निसटलेली राहिली तर उपचार उलटे फिरत नाहीत, फार तर थोडे रेंगाळतात. पण तशीच महिना-दोन महिने राहिली तर ती दाढ हळूहळू फिरू किंवा कलू शकते आणि मग ती सरळ करण्यात वेळ जातो. म्हणून अकरा दिवस वाट बघायची नाही.

उद्या सकाळी त्याच दवाखान्यात फोन करा. बाहेरगावचे डॉक्टर महिन्यातून एकदा येत असले तरी दवाखाना चालवणारे दंतवैद्य तिथे रोज असतात, आणि तार सरकवणं किंवा टोक कापणं त्यांना येतं. त्यांच्याकडे 'डिस्टल एंड कटर' नावाचं हत्यार असेल तर उत्तमच, ते तार कापतं आणि कापलेला तुकडा चिमटीत धरूनही ठेवतं. पुष्कळ पालकांना वाटतं, केस नाशिकच्या डॉक्टरांची आहे, दुसऱ्याने हात लावला तर ते रागावतील. नाही रागावत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना एक फोन केला की काम भागतं. फोनवर "तार टोचतेय" एवढंच सांगू नका. वरची की खालची, डावी की उजवी, दुसऱ्या बाजूचं टोक दिसतंय की नाही, सगळे ब्रॅकेट घट्ट आहेत का, हे सांगा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवा. चमच्याने गाल ओढून, फ्लॅश लावून काढलेला फोटो चांगला येतो. एवढ्या माहितीवर डॉक्टर फोनवरच सांगू शकतात की लगेच या, की मेण लावून दोन दिवस थांबलात तरी चालेल. तिथे सोय झालीच नाही तर नाशिकला जाऊन या, पुढच्या तारखेच्या आधी गेलात म्हणून कोणी परत पाठवत नाही. ज्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणं शक्यच नसतं अशा वाचकांसाठी: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलंच नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, या सगळ्यांत ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे. बाह्यरुग्ण विभागात केस पेपर काढून दाखवता येतं.

मग घरी तार कधीच कापायची नाही का? अगदी नाइलाज असेल तर कापता येते. २५ मार्च २०२० ला लॉकडाउन लागला, दवाखाने बंद झाले, तेव्हा आम्ही रुग्णांना फोनवरून हेच समजावत होतो. ब्रिटिश ऑर्थोडॉन्टिक सोसायटीनेही तेव्हा घरी करायच्या उपायांची माहिती प्रसिद्ध केली होती. पण तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. तुमच्या गावात दवाखाना आहे, म्हणून तुम्हाला माझं उत्तर स्पष्ट नाही असंच आहे. ज्यांना खरोखरच चार दिवस डॉक्टर मिळणार नाही आणि मेणानेही भागत नाही, त्यांनी आधी दुसऱ्या बाजूचं टोक नळीबाहेर दिसतंय याची खात्री करावी. मग मुलाला ताठ बसवून, मान किंचित पुढे झुकवून, दाढेच्या मागे गॉजची मोठी घडी धरून, स्पिरिटने पुसलेल्या छोट्या धारदार नेलकटरने टोक कापावं आणि कापलेला तुकडा हातात आल्याशिवाय गॉज काढू नये. सुरुवातीच्या बारीक तारेपुरतंच हे जमतं. पुढच्या टप्प्यातल्या जाड चौकोनी स्टीलच्या तारेवर नेलकटर चालत नाही. पक्कड तर नकोच नको. तिचा जबडा दाढेपर्यंत पोचत नाही, आणि पोचलाच तर तार कापायच्या आधी दाढेवरची नळीच हिसक्याने उखडून येते. शिवाय ही तार कापली की तुकडा उडतो. तो पोटात गेला तर बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत शौचावाटे पडून जातो, तरी डॉक्टरांना कळवावं. श्वासनलिकेत गेला तर मात्र गोष्ट गंभीर. तुकडा सापडत नाही आणि मुलाला ठसका थांबत नाही, श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येतो, दम लागतो, असं काही झालं तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचं.

जखमेबद्दल. गालावर दिसणारा पांढरट-पिवळसर थर म्हणजे पू नाही. तोंडातली जखम ओली असते, तिच्यावर बाहेरच्यासारखी खपली धरत नाही, असा थर धरतो. तो कापसाने खरवडून काढू नका, खालचं मांस उघडं पडून दुखणं वाढेल. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा, विशेषतः जेवणानंतर, हलक्या चुळा भरायला सांगा. टोक झाकलं की दोन दिवसांतच आराम वाटायला लागतो आणि आठवडा-दहा दिवसांत जखम भरते. टोचणं थांबून दोन आठवडे झाले तरी भरली नाही तर दाखवा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि लवंगेचं तेल बाटलीतच राहू द्या. किडक्या दातात कापसाच्या बोळ्याने टेकवतात ते वेगळं. गालाच्या उघड्या जखमेवर ते चांगलंच भाजतं. साजूक तुपाचं बोट फिरवायचं असेल तर खुशाल फिरवा, त्याने अपाय नाही. तोंड आलंय म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या सुरू करण्याचीही आपल्याकडे सवय आहे, पण ही जखम तारेने झालेली आहे, गोळ्यांचा इथे उपयोग नाही. तोंडात लावायची जी जेल सहज मिळतात त्यांतल्या काहींमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं. हे औषध अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं आहे आणि ब्रिटनच्या औषध नियामकाने २००९ मध्येच सोळा वर्षांखालच्या मुलांना ते तोंडात लावू नये असं सांगितलं. तुमची मुलगी तेराची आहे, तेव्हा ट्यूबवरचं नाव वाचा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. फारच दुखत असेल तर पॅरासिटामॉल तिच्या वजनाप्रमाणे चालतं. अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही.

धनुर्वाताची भीती समजू शकते, पण ही तार गंजणाऱ्या लोखंडाची नाही. अशा जखमेसाठी वेगळं इंजेक्शन लागत नाही. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस आहे. तिचं कार्ड काढून दहाव्या वर्षीची नोंद बघा. राहून गेली असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन घ्या, पण ती तिची हक्काची लस म्हणून, या तारेसाठी नव्हे.

थांबायचं नाही अशी लक्षणंही सांगून ठेवते. चेहऱ्यावर बाहेरून सूज, ताप, तोंड पुरतं उघडत नाही, दहा-पंधरा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नाही, किंवा टोक मांसात रुतून बसलंय: यातलं काहीही असेल तर मेण-बिण करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. रुतलेलं टोक ओढून काढू नका.

दवाखान्यात जाईपर्यंत जेवण मऊ ठेवा. वरण-भात, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, उपमा, केळं. भाकरी खायचीच असेल तर आमटीत चांगली भिजवून, पापुद्रा आणि कडा सोडून. तिखट दोन दिवस कमीच करा. थंड ताक किंवा साधं गार पाणी तोंडात धरलं तर बरं वाटेल, आणि निकेल-टायटॅनियमच्या काही तारा गारव्याने तेवढ्यापुरत्या नरमही पडतात. ऊस, कणीस, चकली, कडक लाडू आणि ती बदनाम चिक्की हे पदार्थ क्लिप असेपर्यंत बंदच. पेरू आवडत असेल तर बिया काढून पातळ फोडी करून द्या, पुढच्या दातांनी अख्खा चावायचा नाही.

घासताना दुखतं म्हणून मुलं नेमकी तीच बाजू सोडून देतात. मऊ ब्रश घ्या, मेण काढा, हळू घासू द्या, पण घासायला लावा. तारेत अडकलेलं अन्न राहिलं की हिरड्या सुजतात, दातांवर पांढरे डाग पडतात, आणि ते डाग क्लिप निघाल्यावरही जात नाहीत.

टोचणारी प्रत्येक तार दाढेमागचीच असते असं नाही, म्हणून इतर पालकांसाठी थोडं. दातांच्या पुढच्या बाजूला ब्रॅकेटभोवती बांधलेल्या केसाएवढ्या बारीक स्टीलच्या तारेचा पीळ कधी कधी बाहेर वळतो आणि ओठाला टोचतो. तो मात्र घरी आत वळवता येतो: पेन्सिलीच्या मागच्या स्वच्छ खोडरबराने हलकेच दाबायचा, तो तसाच राहतो. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर त्यावर मेण दाबून स्थिर करायचा आणि फोन करायचा. तो झटपट चिकटणाऱ्या गोंदाने चिकटवू नका. कृपा करून नका. असा गोंद तोंडात घालायचा नसतो, आणि त्याने चुकीच्या जागी बसलेला ब्रॅकेट सोडवताना दातालाही त्रास होतो. उपचार संपल्यावर खालच्या पुढच्या दातांच्या मागे चिकटवलेली तार सुटली तर ती टोचत नसली तरी लगेच दाखवायची, कारण तिच्यावाचून दात पुन्हा वाकडे व्हायला वेळ लागत नाही.

राहिली कबड्डी. तार सैल आहे तोवर मैदानावर उतरायचं नाही. पकडीत कोणाचं कोपर गालावर बसलं तर मेणाची ती गोळी काहीही अडवणार नाही, टोक गालात घुसेल. पण शनिवार अजून हातचा गेलेला नाही. उद्या-परवा तार जागेवर आली आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला तर तिला खेळू द्या, तोंडात माउथगार्ड घालून. तो क्लिप असलेल्या दातांसाठीचाच हवा. खेळाच्या दुकानात मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून दातांवर घट्ट चावून बसवायचा नेहमीचा माउथगार्ड नको, तो ब्रॅकेटांवर आवळून बसतो आणि काढताना ब्रॅकेट घेऊनच बाहेर येतो. उद्या फोन कराल तेव्हा याचीही चौकशी करा, आणि शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना आजच एक निरोप द्या, म्हणजे शनिवारी ती उतरलीच नाही तरी संघातली तिची जागा तशीच राहील.